ड्युअल बूट, कुलूपबंद डिस्क आणि रुसलेला बूट मॅनेजर

संगणक सुरू केला, नेहमीसारखा ‘विंडोज की लिनक्स’ विचारणारा मेनू यायला हवा होता. त्याऐवजी निळा पडदा ४८ अंकी की मागतोय. किंवा काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. किंवा सगळ्यात फसवा प्रकार: कुठलीही तक्रार नाही, मशीन सरळ विंडोजमध्ये शिरतंय आणि लिनक्स जणू कधी नव्हतंच.

तिन्ही वेळा पोटात गोळा येतो की डेटा गेला. बहुतेकदा तो जागच्या जागी असतो. डिस्कवरचं कुलूप आणि त्या कुलपापर्यंत नेणारी वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बूट मॅनेजर (कुठली प्रणाली सुरू करायची ते पाहणारा कार्यक्रम) बिघडला म्हणजे वाट मोडली, कुलूप शाबूत असतं. खरा घात होतो तो दुरुस्तीच्या घाईत: इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘इरेज डिस्क’वर टिचकी मारली, टीपीएम (की सांभाळणारी सुरक्षा चिप) ‘क्लिअर’ केला, नको ते पार्टिशन फॉरमॅट केलं. म्हणून या लेखात आधी बिघाड कुठे आहे ते ओळखू, मगच पान्हा हातात घेऊ.

लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ‘-एफ’ म्हणजे डॅश आणि त्याला चिकटून एफ हे अक्षर. लिनक्समधल्या बहुतेक आज्ञांच्या आधी ‘सुडो’ (प्रशासक अधिकार देणारा शब्द) लागेल, ते दर वेळी लिहीत नाही.

हात लावण्याआधी

विंडोजची डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या स्वतःच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) बंद असेल तर तिची रिकव्हरी की शोधा. सहा-सहा अंकांचे आठ गट, असे ४८ अंक. ‘मी कधी बिटलॉकर चालूच केलं नाही’ असं म्हणणाऱ्यांनीही शोधा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ अनेकदा आपोआप चालू होतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर ते आणखी जास्त मशीनवर होऊ लागलं. अशा वेळी की त्याच खात्यात जमा असते. दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून खातं उघडून ती पाहता येते. ऑफिसचं मशीन असेल तर ती ऑफिसच्या आयटी विभागाकडे मिळेल.

लिनक्सच्या बाजूला कुलूप लक्सचं (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीचं) असतं. त्याचा पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, आठवतो ना, एवढं आत्ताच पक्कं करा. तो विसरला असाल आणि दुसरी कुठली की जोडलेली नसेल, तर बूट मॅनेजर दुरुस्त करून काही हाती लागणार नाही.

याशिवाय एक लाइव्ह पेन ड्राइव्ह (डिस्कवर न बसवता थेट ज्यावरून लिनक्स चालतं तो) लागेल, शक्यतो मशीनवर आहे त्याच लिनक्सचा आणि जवळपासच्या आवृत्तीचा. तो यूईएफआय पद्धतीने, म्हणजे बायॉसनंतर आलेल्या नव्या पद्धतीने, बूट करा. फर्मवेअरच्या (मशीनच्या मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो. ज्याच्यापुढे ‘यूईएफआय’ लिहिलंय तो निवडायचा. चुकून जुन्या बायॉस पद्धतीने सुरू झालात तर पुढची निम्मी कामं होणारच नाहीत आणि त्रुटीचे संदेश भलतीकडेच बोट दाखवतील. आत गेल्यावर ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर दिसलं की समजा बरोबर आलात.

कोण कुठे अडलंय?

मशीन सुरू झाल्यावर सूत्रं एकाकडून दुसऱ्याकडे जातात. फर्मवेअरजवळ स्वतःच्या स्मृतीत बूट-नोंदींची यादी आणि त्यांचा क्रम असतो. ती नोंद ईएफआय सिस्टिम पार्टिशनवरच्या एका फाइलकडे जाते. हे पार्टिशन छोटं, फॅट३२ पद्धतीचं आणि कधीही कुलूपबंद नसलेलं. विंडोज आणि लिनक्स दोघांचंही सामाईक अंगण म्हणा ना. तिथे लिनक्सचा ‘शिम’ हा सही केलेला छोटा कार्यक्रम असतो, तो ग्रबला, म्हणजे लिनक्सच्या बूट मॅनेजरला, उठवतो, ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइल सिस्टिम) मेमरीत आणतो, आणि हे इनिटरॅमएफएस पासफ्रेज विचारून लक्सचं कुलूप उघडतं. विंडोजची साखळी आखूड आहे: फर्मवेअर, मग विंडोज बूट मॅनेजर, मग टीपीएमकडून की मिळाली, झालं काम.

एक फरक आधीच लक्षात घ्या. उबुंटू आणि फेडोराचे इन्स्टॉलर एन्क्रिप्शन निवडलं तरी सहसा ‘/बूट’ वेगळं आणि उघडं ठेवतात, त्यामुळे पासफ्रेज ग्रबच्या मेनूनंतर विचारला जातो. काही मांडणींत ‘/बूट’सुद्धा कुलपाआड असतं; तिथे पासफ्रेज मेनू दिसायच्या आधीच, खुद्द ग्रब विचारतो. तुमच्याकडे पूर्वी पासफ्रेज मेनूआधी यायचा की नंतर, हे आठवलं तर निम्मं निदान झालं.

आता लक्षणं पाहू.

मेनूच नाही, मशीन थेट विंडोजमध्ये

सर्वांत सोपा आजार. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा फर्मवेअर अपडेटनंतर नोंदींचा क्रम बदलतो. मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा (एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप, उत्पादकानुसार) आणि यादीत लिनक्सचं नाव आहे का बघा. असेल तर ते निवडून आत जा आणि ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही आज्ञा चालवा. ‘बूटऑर्डर’ या ओळीत चार-चार अंकांचे क्रमांक दिसतील. लिनक्सचा क्रमांक समजा ०००३ आणि विंडोजचा ००००, तर ‘ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,००००’ असं दिलं की काम संपलं. हे क्रमांकही अर्थात इंग्रजी अंकांतच टाइप करायचे, आणि यादीत आणखी नोंदी असतील तर त्याही मागे जोडायच्या.

नाव यादीतून नाहीसंच झालं असेल तर फाइल बहुधा जागेवर असते, फक्त नोंद पुसलेली. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून नवी नोंद करता येते: ‘ईएफआयबूटएमजीआर -सी’, पुढे ‘-डी’ देऊन डिस्क, ‘-पी’ देऊन ईएफआय पार्टिशनचा क्रमांक, ‘-एल’ हे मोठ्या लिपीतलं देऊन नाव आणि छोट्या लिपीतलं देऊन फाइलचा पत्ता. उबुंटूत ती फाइल ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘उबुंटू’ फोल्डरात ‘शिमएक्स६४.ईएफआय’ नावाने असते. पत्त्यात उलट्या तिरप्या रेघा येतात, म्हणून तो एकेरी अवतरणात ठेवा. नाहीतर शेल त्या रेघा गिळून टाकतो आणि नोंद होते पण चालत नाही.

काही फर्मवेअर इतके हट्टी असतात की तुमचा क्रम मानतच नाहीत, दर वेळी विंडोजला पुढे करतात. अशांसाठी विंडोजची बूट फाइल खोडून तिच्या जागी ग्रब ठेवण्याची युक्ती सांगणारे भेटतील. मी ती करू देणार नाही. विंडोजचं पुढचं अपडेट ती फाइल परत लिहितं, आणि तोवर बिटलॉकर रोज की मागून जीव नकोसा करतं.

निळा पडदा आणि ४८ अंक

बिटलॉकरची की टीपीएम या चिपमध्ये मोहोरबंद असते. बूट होताना काय काय चाललं याची मोजमापं चिप नोंदवत जाते, आणि ती आधीच्या मोजमापांशी जुळली तरच की बाहेर देते. सिक्युअर बूट (विश्वासू सही असलेलेच बूट कार्यक्रम चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल तर बिटलॉकर सहसा चिपमधल्या सातव्या आणि अकराव्या रजिस्टरवर (मोजमापांच्या कप्प्यांवर) भरवसा ठेवतं. सातव्यात सिक्युअर बूटची अवस्था आणि कोणाच्या सहीवर विश्वास ठेवून कार्यक्रम चालवला ते नोंदलं जातं. म्हणजे सिक्युअर बूट बंद केलं तर की अडकते. ग्रबच्या मेनूतून विंडोज निवडलं तरी अडकू शकते, कारण वाटेत शिम आला, त्याची सही वेगळ्या प्रमाणपत्राची आणि मोजमाप बदललं. हे बिघडणं नव्हे. पहारेकरी आपलं काम चोख करतोय.

पडद्यावर ‘की आयडी’ दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या यादीशी जुळवा, कारण जुन्या कीही तिथे पडून असतात. अंक टाकून आत गेल्यावर प्रशासक अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी:’ चालवा. यामुळे डिस्क उघडी होत नाही, संरक्षण तात्पुरतं थांबतं. मशीन नेहमीच्या वाटेने एकदा सुरू केलं की ते आपोआप पुन्हा लागू होतं आणि की नव्या मोजमापांवर मोहोरबंद होते. सिक्युअर बूट, फर्मवेअर अपडेट किंवा बूट-क्रम यांना जाणूनबुजून हात लावणार असाल तर हीच आज्ञा आधी चालवा. एकापेक्षा जास्त वेळा रीस्टार्ट लागणार असेल तर शेवटी ‘-रीबूटकाउंट’ आणि पुढे आकडा द्या. शून्य दिला तर तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत संरक्षण बंद राहतं, ते विसरायचं नाही.

ग्रबमधून विंडोज निवडल्यावरच की मागत असेल तर तो रस्ता सोडा. विंडोजला जाताना फर्मवेअरचा बूट मेनू वापरा. किंवा लिनक्समधूनच ‘ईएफआयबूटएमजीआर -एन ००००’ देऊन रीस्टार्ट करा. ‘-एन’ने फक्त पुढच्या एका वेळेपुरतं विंडोज पुढे येतं. मी ही ओळ एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवलीय आणि ग्रबच्या मेनूतली विंडोजची नोंद विसरून गेलोय. ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हा बूट मॅनेजर वापरणाऱ्यांना ‘रीबूट-फॉर-बिटलॉकर’ हा पर्याय हेच काम आपोआप करून देतो.

आणि फर्मवेअरमध्ये ‘क्लिअर टीपीएम’ दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याने मोहोरबंद की नष्ट होते. मग ४८ अंक हाच एकमेव आधार उरतो.

‘ग्रब रेस्क्यू’

याचा अर्थ ग्रबचा गाभा उठला, पण त्याला स्वतःचे बाकीचे भाग सापडले नाहीत. ‘/बूट’ कुलपाआड असेल तर सर्वांत सामान्य कारण म्हणजे पासफ्रेज चुकला. ग्रब सहसा दुसरी संधी न देता रेस्क्यूमध्ये टाकतो. रीस्टार्ट करून सावकाश टाका. ग्रबला या क्षणी फक्त अमेरिकन कीबोर्ड मांडणी कळते. तुमची मांडणी वेगळी असेल तर चिन्हं इकडची तिकडे होतात. आणि बरोबर पासफ्रेज टाकल्यावरही दहा-वीस सेकंद काहीच हललं नाही तर घाबरू नका, ग्रब हे गणित फार संथपणे करतो.

‘/बूट’ उघडं असेल तर बहुधा पार्टिशन वाढवताना-कमी करताना क्रमांक बदललेले असतात. ‘एलएस’ टाइप करून यादी बघा. ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशन एकपासून, ही विसंगती सगळ्यांनाच एकदा फसवते. एकेका पार्टिशनवर ‘एलएस’ देऊन ग्रबचं फोल्डर सापडलं की ‘सेट रूट’, ‘सेट प्रीफिक्स’ने त्याचा पत्ता द्या, मग ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’. मेनू येईल. पण ही तात्पुरती मलमपट्टी आहे, पुढे दिलेली पूर्ण दुरुस्ती करावीच लागेल.

लक्सची आवृत्तीही इथे आड येते. ग्रबला लक्स२ ची ओळख २.०६ या आवृत्तीत, २०२१ मध्ये झाली, तीही पीबीकेडीएफ२ या जुन्या पद्धतीने बनवलेल्या कीपुरती. लक्स हाताळणारी ‘क्रिप्टसेटअप’ ही आज्ञा मात्र लक्स२ साठी सहसा आर्गॉन२ ही नवी पद्धत वापरते. त्यामुळे ‘/बूट’ कुलपाआड असताना कोणी नवा पासफ्रेज नेहमीच्या पद्धतीने जोडला, तर तो लिनक्सच्या आत चालतो आणि आर्गॉन२ न कळणाऱ्या ग्रबला उमगत नाही. अशा मांडणीत पासफ्रेज जोडताना ‘--पीबीकेडीएफ पीबीकेडीएफ२’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

मेनू येतो, लिनक्स निवडलं की अडतं

पासफ्रेज न विचारताच ‘इनिटरॅमएफएस’चा प्रॉम्प्ट आला, तर आतल्या दोन फाइलींमध्ये गोंधळ आहे. ‘/ईटीसी/क्रिप्टटॅब’मध्ये कुलूपबंद पार्टिशनचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) लागतो; ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये कुलूप उघडल्यावर आत दिसणाऱ्या फाइल सिस्टिमचा. दोन्ही लांबलचक, दोन्ही सारखेच दिसणारे, आणि नवशिका हमखास एकाच्या जागी दुसरा चिकटवतो. डेबियनच्या घराण्यात ‘क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस’ हे पॅकेज निघून गेलं तरी हेच होतं.

पासफ्रेज विचारतो पण नाकारतो, अशा वेळी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ‘क्रिप्टसेटअप ओपन --टेस्ट-पासफ्रेज’ आणि पुढे पार्टिशन देऊन तपासा. इथे चालला तर दोष कीबोर्ड मांडणीचा.

शिमचीच तक्रार

‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश देऊन मशीन बंद पडत असेल तर शिम रद्द यादीत गेला आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर असंख्य ड्युअल बूट मशीन याच संदेशावर अडली होती. विंडोज अजून सुरू होतं, म्हणून आधी बिटलॉकर थांबवा. मग सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये जा, शिम अद्ययावत करा, ‘मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्या, पुन्हा एकदा लिनक्समध्येच बूट करा आणि नंतर सिक्युअर बूट परत चालू करा.

पूर्ण दुरुस्ती: बाहेरून आत शिरून

ग्रब किंवा इनिटरॅमएफएस नव्याने बनवायचं तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून कुलूप उघडून स्वतःच्या लिनक्सच्या आत शिरावं लागतं. एकदा मी यात अख्खी संध्याकाळ घालवली. सगळ्या आज्ञा यशस्वी, एकही त्रुटी नाही, रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच. कारण पायरी तीनमध्ये आहे.

१. ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा. ‘क्रिप्टो_लक्स’ लिहिलेलं पार्टिशन तुमचं लिनक्स, ‘बिटलॉकर’ लिहिलेलं विंडोज, ‘व्हीफॅट’ म्हणजे बहुधा ईएफआय पार्टिशन. एक्स्ट४ लिहिलेलं एखाद-दोन जीबीचं पार्टिशन दिसलं तर ते ‘/बूट’. क्रमांक कागदावर लिहा. खरंच, कागदावर.

२. ‘क्रिप्टसेटअप ओपन’, पुढे पार्टिशन, पुढे कुठलंही नाव, समजा ‘तात्पुरतं’साठी ‘टेम्प’. पासफ्रेज द्या. आत एलव्हीएम (एका पार्टिशनचे आणखी भाग पाडणारी लिनक्सची सोय) असेल तर ‘व्हीजीचेंज -एवाय’. मग आतली मुख्य फाइल सिस्टिम ‘/एमएनटी’वर माउंट करा. ती बीटीआरएफएस प्रकारची असेल तर सबव्हॉल्यूमही (तिचा आतला विभाग) सांगावा लागतो.

३. आता ‘/एमएनटी/ईटीसी/क्रिप्टटॅब’ वाचा. ओळीतला पहिला शब्द म्हणजे उघडलेल्या डिस्कचं अपेक्षित नाव. ‘टेम्प’ त्याच्याशी जुळत नसेल तर माउंट काढा, एलव्हीएम ‘व्हीजीचेंज -एएन’ने बंद करा, ‘क्रिप्टसेटअप क्लोज टेम्प’ द्या आणि त्या नेमक्या नावाने पुन्हा उघडा. हे टाळलं तर डेबियन-उबुंटूत इनिटरॅमएफएस बनवणारी स्क्रिप्ट उघडी डिस्क आणि क्रिप्टटॅबची ओळ यांची सांगड घालू शकत नाही, आणि कुलूप उघडण्याची सोय नसलेलं इनिटरॅमएफएस निमूटपणे बनवून देते. माझी संध्याकाळ गेली ती इथे.

४. मुख्य फाइल सिस्टिम पुन्हा माउंट केल्यावर आधी ‘/बूट’चं पार्टिशन ‘/एमएनटी/बूट’वर आणि मगच ईएफआय पार्टिशन ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर. क्रम उलटा झाला तर दुसरं पहिल्याखाली झाकलं जातं.

५. ‘डेव’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ ही चार फोल्डरं ‘माउंट --आरबाइंड’ने आत जोडा. मग ‘सीएचरूट /एमएनटी’. इथून पुढे तुम्ही तुमच्या खऱ्या लिनक्सच्या आत आहात.

६. इनिटरॅमएफएस: डेबियन-उबुंटूत ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’, फेडोरात ‘ड्रॅकट --रीजनरेट-ऑल --फोर्स’, आर्चमध्ये ‘एमकेइनिटसीपीआयओ -पी’ (मोठ्या लिपीतला पी). जागा नाही अशी त्रुटी आली तर ‘/बूट’ जुन्या कर्नलनी भरलंय. चालू नसलेले एक-दोन पॅकेज व्यवस्थापकातून काढा, फाइली हाताने खोडू नका.

७. ग्रब: उबुंटूत ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’. फेडोरात सिक्युअर बूट असताना ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवायचं नसतं. तिथे शिम आणि ग्रबची पॅकेजं ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवायची, म्हणजे सही केलेल्या फाइली परत येतात.

८. ‘एक्झिट’, मग ‘युमाउंट -आर /एमएनटी’ (मोठ्या लिपीतला आर), रीस्टार्ट. ‘व्यस्त आहे’ म्हणून माउंट निघायला नकार देत असेल तर ‘सिंक’ देऊन सरळ रीस्टार्ट करा.

ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नसेल तर डिस्क कुलूपबंद असल्याचा त्याच्याशी संबंध नाही. विंडोजचा माग ईएफआय पार्टिशनवरून लागतो आणि ते उघडंच असतं. ग्रब २.०६ पासून हा शोध घेणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळात बंद ठेवला जातो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घालून ग्रबची मांडणी नव्याने बनवा.

विंडोजचीच बूट फाइल गेली असेल तर

विंडोजच्या इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीचा कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘मॅनेज-बीडीई -अनलॉक सी: -रिकव्हरीपासवर्ड’ आणि पुढे ४८ अंक डॅशसकट. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, आधी खात्री करा. ‘डिस्कपार्ट’मध्ये ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर द्या आणि ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’ चालवा. ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ सर्वत्र सुचवलं जातं. ते बायॉस काळातलं औषध आहे, यूईएफआय मशीनवर त्याचा उपयोग नाही. बीसीडीबूटनंतर विंडोज यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसतं, तेव्हा लिनक्सचा मेनू पुन्हा गायब झाला तर दचकू नका. उपाय वर पहिल्याच लक्षणात आहे.

मशीन उभं राहिल्यावर त्याच दिवशी

लक्सच्या पार्टिशनच्या सुरुवातीला एक हेडर असतं. लक्स२ मध्ये साधारण १६ एमबीचं. खरी की त्यातच, तुमच्या पासफ्रेजने गुंडाळलेली असते. ते हेडर खराब झालं तर पासफ्रेज तोंडपाठ असूनही डेटा कायमचा बंद. ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’, पुढे पार्टिशन आणि ‘--हेडर-बॅकअप-फाइल’ देऊन त्याची प्रत काढा आणि ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. कुलपाआडच्या डिस्कवर ठेवलेली प्रत म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. पुढे पासफ्रेज बदललात तर जुनी प्रत नष्ट करून नवी काढा, कारण जुन्या प्रतीत जुना पासफ्रेज अजून चालतो.

विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ देऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असताना विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि सामाईक पार्टिशनं लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती उघडतात.

शेवटची तपासणी अशी: मशीन पूर्ण बंद करून लिनक्स, पुन्हा पूर्ण बंद करून विंडोज, आणि हे दोनदा. दुसऱ्या फेरीतही बिटलॉकरने की मागितली नाही तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ पाहा. ‘प्रोटेक्शन ऑन’ दिसायला हवं. ‘ऑफ’ असेल तर तुम्ही थांबवलेलं संरक्षण अजून थांबलेलंच आहे, ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -इनेबल सी:’ देऊन ते चालू करा.